सोफी द्यूफोची हजेरी

एकाच नावाच्या दोन कबरी सापडल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. एक चर्चच्या आवारात होती. तिथे सोफी द्यूफो नावाची म्हातारी पोरानातवंडांच्या गराड्यात देह ठेवून पुरली गेली होती. तिला पुरताना मी स्वतः हजर होते. दुसरी निघाली आमच्या कोर्टाच्या मागे, सांडपाण्याची नळी टाकायला खणत होते तेव्हा. हातभर लांबीचा दगड होता, त्यावर कुणीतरी खिळ्यानं कोरल्यासारखं नाव. सोफी द्यूफो. खाली सन होता, मोठा ताप आला त्या हिवाळ्याचा.

आमचं कोर्ट म्हणजे पूर्वीची मिशनची शाळा. आम्ही ओजिब्वे, अमेरिकेतली मूळची जमात. आमच्या पोरांना आईबापांपासून तोडून इथं आणून ठेवायचे, केस कापायचे, आपल्या भाषेत बोललं की मारायचे. शाळा बंद पडली, इमारत जमातीकडे आली. दुसरी पक्की इमारत नव्हती म्हणून कोर्ट तिथेच भरायला लागलं. मी तिथली कारकून, आयोना. बाकी सगळं बदललं होतं, फक्त कोर्ट भरायचं त्या मोठ्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला, माझ्या कमरेच्या उंचीवर, लाकडी खुंट्यांची एक रांग तशीच होती. पोरांचे कोट टांगायच्या खुंट्या. त्या कुणी काढल्या नाहीत आणि त्यांवर कुणी काही टांगतही नसे. हिवाळ्यात दारं बंद असली तरी सकाळी त्यांच्याखाली फरशी ओली असायची, बर्फातून आलेल्या कोटांमधून पाणी ठिबकावं तशी. मी फडकं मारायचे आणि कामाला लागायचे. बोलायचं काय त्यात?

डोरा आमची मुख्य न्यायाधीश होऊन आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं आपला कोट त्यांतल्याच एका खुंटीला अडकवला.

डोराबद्दल सांगायला हवं. नाव थिओडोरा सूलिए. माझ्या मावशीची मुलगी, माझ्याहून धाकटी. शाळा संपली तशी वकिली शिकायला गेली ती गेलीच. राज्यघटना हा तिचा विषय, विद्यापीठात तोच शिकवायची. देशोदेशींच्या घटना तिनं वाचल्या, त्यांवर जाडजूड पुस्तकं लिहिली. सुप्रीम कोर्टातल्या वकिलांना सरकारशी झालेल्या आमच्या करारांबद्दल काही अडलं की ते तिला फोन करायचे. आमच्या जमातीची जुनी घटना सरकारी बाबूंनी लिहून हातात ठेवलेली होती. ती बदलायची ठरली, तेव्हा नवी घटना डोरानंच लिहिली. त्यात सभासदत्वाचं कलम होतं: जमातीच्या सभासदाच्या पोटी जन्मलेला तो सभासद. एकाच ओळीचं, स्वच्छ कलम. तिला त्याचा फार अभिमान. मग पंचमंडळानं तिला बोलावून न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं.

गावात तिला ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणायचे. तळ्यात उगवणारा रानतांदूळ होडीतून झोडायला आली तरी पोरी चिडवायच्या, "बाई, होडीत बसायला कुठलं कलम लागतं हो?" ती हसायची. पण कोर्टात कडक. कुणी ‘आजी सांगायची’ म्हणून सुरू केलं की म्हणायची, "आजीला आणा, नाहीतर पुरावा आणा."

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं कोट काढला, तर तो खालपासून दंडापर्यंत ओलाचिंब.

"आयोना, छत गळतंय का गं?"

"नाही."

"मग?"

"दुसरीकडे टांगत जा," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कोट खुर्चीच्या पाठीवर.

आता दगडाचं. ऑरव्हिल लाप्रेरी आमच्या पंचमंडळाचा अध्यक्ष. धिप्पाड माणूस, बोलायला गोड, डूख धरायला पक्का. द्यूफोंचं सगळं खानदान दर निवडणुकीत त्याच्या विरोधात उभं राहायचं. त्यांची म्होरकी अर्नेस्टीन द्यूफो, त्या म्हाताऱ्या सोफीची नात, सत्तरी ओलांडलेली, सभेत उठून त्याला तोंडावर झाडायची. दगड निघाला आणि ऑरव्हिलच्या हातात आयतंच कोलीत आलं. त्यानं कोर्टात अर्ज केला: खरी सोफी द्यूफो लहानपणीच शाळेत तापानं मेली. तिच्या नावानं जी घरी परत गेली ती कुणी दुसरीच, कुठली कोण जाणे. तिच्या पोटचे ते सगळे जमातीचे नव्हेत. नावं काढून टाका.

घरादारासकट, तळ्यावरच्या हक्कासकट, म्हाताऱ्याकोताऱ्या, तान्ही पोरं, सगळी एका फटक्यात परकी.

अर्नेस्टीन उत्तर दाखल करायला आली ती माझ्या टेबलाशी बसूनच राहिली. मी कॉफी दिली.

"खरं सांगू आयोना?" ती हळूच म्हणाली, "आजीला मागून हाक मारली ना, तर ती लगेच ओ द्यायची नाही. एक श्वास थांबायची. मान कलती करायची. कुणाचं तरी ऐकतेय अशी. मग ओ द्यायची. लहानपणी मी विचारलं, का गं थांबतेस? म्हणाली, आधी तिला बोलू दे."

"कुणाला?"

"ते नाही सांगितलं." तिनं कप खाली ठेवला. तिची नजर भिंतीवरच्या त्या खुंट्यांकडे गेली आणि तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "तू इथं दिवसभर कशी बसतेस गं?"

सुनावणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. बाहेर बर्फावर डोळे दिपत होते. खोली गच्च भरलेली. द्यूफो एका बाजूला, ऑरव्हिलची माणसं दुसऱ्या. उत्तरेच्या भिंतीकडचे बाक मात्र रिकामे. उभं राहावं लागलं तरी तिकडे कुणी बसलं नाही. पंचमंडळाचा वकील शहरातून आणलेला, मेरिल नावाचा तरुण गोरा माणूस. त्यानं वंशावळ वाचायला घेतली, मोठ्यानं, एकेक नाव, खालून वर. अर्नेस्टीनची नातवंडं, मुलं, अर्नेस्टीन, तिचा बाप. प्रत्येक नावानंतर तो क्षणभर थांबायचा, मी ते टिपून घेईपर्यंत. शाळेत मास्तर थांबतात तसा.

"सोफी द्यूफो," तो म्हणाला आणि थांबला.

"हजर."

लहान मुलीचा आवाज. बारीक, स्पष्ट, जरासा घाईचा, उशिरा उत्तर दिलं तर शिक्षा होईल अशा घाईचा. उत्तरेच्या भिंतीकडून आला. तिथं कुणी नव्हतं.

कुणी ओरडलं नाही. मला आठवतंय ते एवढंच की भरल्या खोलीत एकाही बाकाची करकर झाली नाही. मेरिल हातातला कागद तसाच धरून उभा. त्याच्या गालावरचा रंग उतरत गेला. मग त्यानं, का कोण जाणे, पुन्हा म्हटलं, "सोफी द्यूफो?"

"हजर, सिस्टर."

डोरा खुर्चीतून उठली. मला वाटलं, कामकाज तहकूब करते. ती व्यासपीठावरून खाली उतरली, काळा झगा सावरत सगळ्यांच्या समोरून चालत गेली आणि त्या खुंट्यांखाली ओल्या फरशीवर मांडी घालून बसली.

"बाळा, तू कोण आहेस?" तिनं इंग्रजीत विचारलं.

काही नाही. फक्त एका खुंटीवरून पाण्याचा थेंब पडला.

मग ती आपल्या भाषेत बोलली. तिला ती भाषा पोरपणी आली नव्हती. चाळिशीनंतर माझ्या आईच्या पायाशी बसून शिकली होती, अडखळत बोलायची. "बोल," ती म्हणाली. "इथं आता कुणी मारत नाही. मी इथली मोठी आहे. मी मारू देणार नाही."

 मग आवाज आला, आता अगदी हलका, आणि आपल्याच भाषेत. माझी आजी बोलायची तशी जुनी भाषा.

"मी सोफी."

"दुसरी सोफी कोण होती गं?"

"तिला नाव नव्हतं. आगगाडीतून आणली. सिस्टर तिला नंबरानं हाक मारायच्या. ती रात्री माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची." मग थांबली. लहान मुलं श्वास घेतात तसा श्वास ऐकू आला. "मला ताप आला. आई वसंतात न्यायला येणार होती. मी माझं नाव तिला दिलं. म्हटलं, तू जा."

"आई आली?"

"आली."

"मग?"

"आईनं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हात धरून नेलं."

अर्नेस्टीनच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तिच्या मुलानं तिला धरलं. डोरानं हात पुढे केला, कुणाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही. उत्तरही ऐकू आलं नाही. पण तिचा चेहरा बदललेला दिसला आणि ती हळूहळू डावीकडे पाहू लागली, मग उजवीकडे, मग सगळीकडे.

ती उठली तेव्हा झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता. व्यासपीठावर परत गेली नाही. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "लिहून घे. या खटल्यात जे घडलं ते मी पाहिलं, ऐकलं. मी आता साक्षीदार आहे. साक्षीदाराला निवाडा देता येत नाही. मी या खटल्यातून बाजूला होते."

खटला गेला शेजारच्या जमातीचे न्यायाधीश लेव्ही ब्रेसेट यांच्याकडे. म्हातारा गृहस्थ, दोन्ही कानांत मशिनं. आल्या आल्या म्हणाला, "मला जिवंत माणसांचंच धड ऐकू येत नाही आणि तुम्ही मेलेल्यांचं काय घेऊन आलात?" सगळे हसले, पण उत्तरेकडे न बघता.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. कोर्टात बोललेलं सगळं ध्वनिमुद्रण यंत्रावर घेतलं जातं. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि डोरानं ते लावून ऐकलं. मेरिल नाव वाचतो. शांतता. पुन्हा वाचतो. शांतता. डोराची पावलं. मग डोराचा एकटीचा आवाज, ती विचारते, थांबते, पुन्हा विचारते. समोरून काही नाही. वेडं माणूस भिंतीशी बोलतं तसं वाटत होतं ते. 

"हे दाखल करावं लागेल," मी म्हटलं.

"मग कर. पुरावा आहे तो."

"डोरा, तुझी पुस्तकं, तुझं नाव... लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत." मग यंत्र बंद करत म्हणाली, "मला एवढंच कळत नाही आयोना, मी साक्ष द्यायला उभी राहिले तर कुणाच्या बाजूनं? ती इथं मेली हे मी म्हणाले की ऑरव्हिल जिंकला. कलम मीच लिहिलंय. पोटी जन्मलेला."

अर्नेस्टीनलाही ते कळलं होतं. साक्षीच्या सकाळी तिनं डोराला दारातच अडवलं. "पोरी, तू आमच्या बाजूची ना? मग नाही ऐकलं म्हण. यंत्रात तरी कुठं आहे?"

"मावशी, मी ऐकलंय."

"माझी नातवंडं घराबाहेर पडतील त्याचं काय?"

 डोरानं म्हातारीचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि आत गेली.

तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. सोफी तापात मेली हे सांगितलं. नाव दिलं ते सांगितलं. आईनं बघून, ओळखून, दुसऱ्या पोरीला घरी नेलं हे सांगितलं. मेरिल उठला. आता तो सावरला होता.

"प्रोफेसर सूलिए, यंत्रात तुमच्याखेरीज कुणाचा आवाज नाही. बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही पंधरा पुस्तकं लिहिलीत. त्यांतल्या एकात तरी असा पुरावा ग्राह्य धरलाय?"

"नाही. माझ्यासमोर असा साक्षीदार आला असता तर मीच त्याला घरी पाठवलं असतं."

"मग या कोर्टानं काय करावं?"

"ते हे कोर्ट ठरवेल. मी फक्त ऐकलेलं सांगायला आले."

न्यायाधीश ब्रेसेटनी पुढे वाकून विचारलं, "शेवटी तुम्ही काहीतरी विचारलंत, ते कुणालाच ऐकू आलं नाही म्हणतात. काय विचारलंत?"

डोरा घोटभर पाणी प्यायली. "विचारलं, तू इथं एकटीच आहेस का."

"आणि?"

"तिनं उत्तर दिलं नाही. पण माझ्या भोवती कपड्यांची सळसळ झाली. अनवाणी पायांची. पुष्कळ पायांची. सगळी जवळ येऊन बसली, गोष्ट सांगायला कुणी बसलं की पोरं बसतात तशी. माझ्या गुडघ्याला कुणाचा तरी गुडघा लागला. थंड होता."

खोलीतली हवाच गोठली. माझ्यासमोरच्या बाईनं आपल्या पोराला मांडीवर ओढून घेतलं. न्यायाधीशांनी कानातलं एक मशीन काढलं, पुसलं, परत घातलं.

"त्या दिवशी खोलीत होतं त्यांपैकी," ते म्हणाले, "पुढं येऊन शपथेवर कुणी सांगेल का? ऐकलं म्हणून किंवा नाही ऐकलं म्हणून?"

द्यूफो खाली मान घालून बसले. ऐकलं म्हणावं तर सोफी मेली, नाही म्हणावं तर तोंडानं खोटं. ऑरव्हिलची माणसं त्याच्याकडे बघू लागली. मी उठणार होते. पण माझ्याआधी बाक करकरला आणि ऑरव्हिल लाप्रेरी उभा राहिला. मेरिलनं त्याच्या बाहीला धरलं. त्यानं ती सोडवून घेतली.

"मी ऐकलं," तो म्हणाला.

"कुठपर्यंत?"

"सगळं. माझ्या आजोबांची भाषा होती ती. ते पण याच शाळेत होते." तो उत्तरेच्या भिंतीकडे वळला. "ती मेली हे ऐकलं. आणि नाव दिलं तेही ऐकलं. अर्धं सांगून अर्धं गिळलं तर आज रात्री घरी जाऊन मी दिवा कसा मालवू?"

"नाव दिलं म्हणजे तुमच्यात काय होतं?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतंच, तेही ओजिब्वेच. पण त्यांना ते त्याच्या तोंडून हवं होतं.

ऑरव्हिलनं एकदा अर्नेस्टीनकडे पाहिलं. आमच्यात नाव देणारा आणि घेणारा एकमेकांना ज्या शब्दानं हाक मारतात, त्याचा अर्थ ‘माझाच देह’ असा काहीसा होतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. पण ती त्यानं बोलून दाखवली की त्याचा अर्ज तिथंच संपत होता.

"दोघं एकच होतात," तो म्हणाला आणि खाली बसला.

निवाडा आठवडाभरानं आला. ब्रेसेटबाबांनी छोटाच लिहिला होता. आवाज कुणाचा, हे कोर्ट ठरवत नाही. पण दोन प्रतिष्ठित माणसांनी, एकानं आपल्या नावलौकिकाविरुद्ध आणि एकानं आपल्या फायद्याविरुद्ध, शपथेवर एकच गोष्ट सांगितली आहे. ती खोटी मानायला कारण दिसत नाही. नाव मिळालं, त्या नावाच्या आईनं हात धरून घरी नेलं, जमातीनं आयुष्यभर तिला आपली मानलं. घटनेतलं ‘पोटी’ हे पोट जमातीच्या रीतीनं वाचायचं, डॉक्टरच्या रीतीनं नाही. द्यूफो सभासद आहेत आणि राहतील.

अर्नेस्टीन डोराच्या गळ्यात पडून रडली. मग म्हणाली, "कलम तुझं, पण तुझ्याहून तो बहिरा हुशार निघाला." डोरा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

पण शहरात तिची शोभा व्हायची ती झालीच. डोराची साक्ष कुणीतरी छापली. विद्यापीठानं तिला उन्हाळ्यातली व्याख्यानं देऊ नका असं सभ्य शब्दांत कळवलं. जुन्या सहकाऱ्यांचे फोन बंद झाले. तिनं न्यायाधीशपद स्वतःहून सोडलं. पंचमंडळानं नको म्हटलं, ऑरव्हिलनंही म्हटलं, पण ती ऐकेना. तिला दुसरं काम होतं.

बर्फ वितळल्यावर कोर्टामागची जमीन, न खणता आतलं दाखवणाऱ्या यंत्रानं, तपासली. तिनंच तो ठराव मांडला होता. जमिनीखाली लहान लहान खड्ड्यांच्या रांगा निघाल्या, नळीच्या खणतीपासून पार झाडीपर्यंत. दुसरा दगड मात्र कुठंच नव्हता. डोरा घरोघर फिरू लागली. कुणाच्या घरचं पोर शाळेत गेलं आणि आलं नाही, कुणाला आईनं काय सांगितलं होतं, कुणाचं नाव घ्यायचंच घरात टाळत होते. ‘आजी सांगायची’ म्हणून कुणी सुरू केलं की ती जवळ सरकून बसायची. एकेक नाव मिळालं की ते कुटुंब आमच्या रीतीप्रमाणे वाहायला तंबाखू घेऊन, बशीत रानतांदूळ आणि मेपलची साखर वाढून त्या जमिनीवर ठेवायला यायचं. ऑरव्हिलही आला, आजोबांच्या धाकट्या भावासाठी. बशी ठेवून किती तरी वेळ टोपी हातात धरून उभा होता.

कोर्ट अजून तिथंच भरतं. मी अजून तिथंच बसते. सकाळी फरशी कधी ओली असते, कधी नसते. खोलीत एकटी असले की पाठीमागे सळसळ होते, तेव्हा मी वळून बघत नाही. टाइप करता करता आपल्या भाषेत काहीबाही बोलत राहते. आज काय रांधलं, तळ्यावर कोण गेलं, कुणाला पोर झालं. सळसळ जवळ येते आणि थांबते.

परवा डोरा आली होती, नवीन नाव घेऊन. आम्ही दोघी पायरीवर ऊन खात बसलो. मी तिला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"त्या दिवशी तू कशी गं चालत गेलीस त्यांच्याकडे? आम्ही सगळे थिजलेलो. तुला भीती नाही वाटली?"

"भीती?" डोरानं डोळे मिटून चेहरा उन्हाकडे केला. "अगं, पाय लटपटत होते माझे. उभंच राहवेना. म्हणून तर खाली बसले."